वेळेआधी उघड झालेला राजपुत्र

१० सप्टेंबर २०२०. करोनाची साथ ऐन भरात होती आणि गेम बनवणारी माणसे घरच्या टेबलांवरून काम करत होती. त्या दिवशी ‘युबिसॉफ्ट’ या फ्रेंच कंपनीचा ‘युबिसॉफ्ट फॉरवर्ड’ हा ऑनलाइन कार्यक्रम होता. २००३ साली जगभर गाजलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या गेमचा नवा अवतार त्यात जाहीर व्हायचा होता, आणि हा अवतार घडवण्याची जबाबदारी पुणे आणि मुंबई इथल्या स्टुडिओंवर होती. एवढ्या नावाजलेल्या मालिकेतला मोठा गेम पूर्णपणे भारतीय स्टुडिओंच्या हाती सोपवण्याचे धाडस त्याआधी क्वचितच कोणी केले होते. महाराष्ट्रात बसून काम करणाऱ्या कलाकारांसाठी आणि प्रोग्रामरांसाठी तो दिवस मोठा होता.

पण कार्यक्रम सुरू होण्याआधीच कंपनीच्या रशियातल्या ऑनलाइन दुकानात या गेमचे पान लोकांना दिसू लागले. पानावर गेमची चित्रे होती, वर्णन होते, बाजारात येण्याची तारीखही होती. ज्यांना ते दिसले त्यांनी ताबडतोब चित्रे उतरवून घेतली आणि काही मिनिटांत ती जगभर पसरली. राजपुत्र आला तो त्याला घडवणाऱ्यांच्या तोंडून नव्हे, तर एका दुकानाच्या वेळेआधी उघडलेल्या दारातून.

व्हिडिओ गेमच्या दुनियेत अशा घटना आता नेहमीच्या झाल्या आहेत. परीक्षेचा पेपर फुटतो तसे अप्रकाशित गेमचे फुटेज फुटते. बातमीत एक दिवस गाजते आणि विसरले जाते. या गेमची गोष्ट मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या मातीत घडली आणि तिचा शेवट चटका लावणारा आहे.

भावाच्या धावण्यातून जन्मलेला नायक

हा राजपुत्र मुळात जन्मला तो एका घरगुती व्हिडिओतून. १९८५ साली जॉर्डन मेकनर या तरुण अमेरिकन प्रोग्रामरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका वाहनतळावर धावायला, उड्या मारायला आणि कठड्याला लटकायला लावले. व्हिडिओ कॅमेऱ्यात ते सारे टिपले. मग एकेक चौकट थांबवून तिचे फोटो काढले, त्यावरून आकृती गिरवल्या आणि ‘अ‍ॅपल टू’ या संगणकाच्या इवल्याशा मेमरीत त्या बसवल्या. अ‍ॅनिमेशनमध्ये याला रोटोस्कोपिंग म्हणतात. चार वर्षे हे काम चालले. १९८९ साली ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ बाजारात आला तेव्हा पडद्यावरचा माणूस खऱ्या माणसासारखा हलला. उडी चुकली की तो तोल सावरायचा, धावता धावता थांबायचे तर दोन पावले घसरायचा. भारतात नव्वदीच्या दशकात ज्यांनी शाळेच्या किंवा क्लासच्या काळ्या-हिरव्या पडद्याच्या संगणकावर पहिल्यांदा एखादा गेम खेळला, त्यांतल्या अनेकांच्या आठवणीत हा पांढऱ्या विजारीतला माणूस आहे.

२००३ साली युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने मेकनरला सोबत घेऊन ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला. त्यातल्या जादूच्या खंजिराने काळ मागे फिरवता यायचा. चूक झाली, दरीत पडलात, की खंजिराचे बटण दाबायचे, आणि राजपुत्र पुन्हा कड्यावर उभा. ही कल्पना एवढी ताजी होती की त्यानंतरच्या कितीतरी गेमनी ती उचलली.

या मालिकेच्या आयुष्यात २०१२ हे साल विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९८९च्या गेमचा मूळ कोड हरवला आहे अशीच मेकनरची समजूत होती. त्या वर्षी त्याच्या वडिलांना घरातल्या अडगळीत जुन्या फ्लॉपींचे एक खोके सापडले आणि त्यात तो कोड निघाला. जाणकारांच्या मदतीने फ्लॉपी वाचल्या गेल्या आणि मेकनरने तो कोड स्वतःच्या हाताने जगासाठी खुला केला. आज कोणीही विद्यार्थी तो वाचू शकतो आणि मर्यादित साधनांत काम कसे केले होते ते शिकू शकतो.

त्याच वर्षी यूट्यूबवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया रिडेम्प्शन’ या नावाने एक व्हिडिओ कोणीतरी चढवला. युबिसॉफ्टने मध्येच सोडून दिलेल्या एका गेमचे ते फुटेज होते. गंमत अशी की ते कोणाच्या नजरेलाच पडले नाही. जवळपास आठ वर्षे तो व्हिडिओ तिथे तसाच पडून होता. जून २०२० मध्ये तो एकाएकी चाहत्यांना सापडला आणि मोठी चर्चा झाली. मग युबिसॉफ्टमध्ये पूर्वी अ‍ॅनिमेशनचे काम केलेल्या जोनाथन कूपर यांनी खुलासा केला, की हा खेळता येणारा गेम नव्हताच. गेम कसा दिसावा हे स्टुडिओतल्या लोकांना समजावे म्हणून केलेली ती एक कल्पनाफीत होती. लोक मात्र तोवर तिला हातचा गेलेला तयार गेम समजून हळहळत होते.

एकाच वर्षी, एकाच राजपुत्राच्या बाबतीत या दोन गोष्टी घडल्या. एक निर्मात्याने आपण होऊन, संदर्भासह उघड केली आणि तिच्यातून शिकणाऱ्यांचे भले झाले. दुसरी संदर्भाशिवाय बाहेर पडली आणि तिच्याभोवती गैरसमज वाढले. पुढे पुण्यात जे घडले ते समजून घ्यायला हा फरक फार उपयोगी पडतो.

पुण्याच्या स्टुडिओत

युबिसॉफ्टचा पुण्यातला मुक्काम २००८ सालचा. युबिसॉफ्ट स्थापन करणाऱ्या गिलमो बंधूंपैकीच एकाच्या ‘गेमलॉफ्ट’ या मोबाइल गेम कंपनीचा पुण्यात स्टुडिओ होता, तो युबिसॉफ्टने आपल्याकडे घेतला. पहिली काही वर्षे इथली कामे पडद्यामागची होती. दुसरीकडे तयार झालेला गेम वेगळ्या यंत्रावर चालता करायचा, चुका शोधायच्या, ‘जस्ट डान्स’सारख्या मालिकांच्या कामाचा वाटा उचलायचा. जगभरच्या मोठ्या गेमच्या शेवटी सरकणाऱ्या नावांच्या लांबलचक यादीत मराठी आडनावे दिसायची, पण यादीच्या मधल्या-खालच्या भागात. २०१८ साली मुंबईत दुसरा स्टुडिओ सुरू झाला. त्यानंतर ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवण्याचे काम या दोन स्टुडिओंकडे आले. दिग्दर्शक होते पिएर-सिल्व्हँ गिर.

जुन्या गेमची नवी आवृत्ती म्हणजे जुन्या वाड्याला रंग काढणे, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तसे नसते. २००३ सालची पात्रे आजच्या मोठ्या पडद्यावर ठोकळ्यांसारखी दिसतात. त्यामुळे प्रत्येक पात्र, प्रत्येक भिंत, प्रत्येक उडी नव्याने घडवावी लागते. ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेसाठी वापरले जाणारे ‘अ‍ॅन्व्हिल’ हे इंजिन, म्हणजे गेम चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, इथे घेतले होते. हालचाली मोशन कॅप्चरने पुन्हा टिपल्या होत्या. म्हणजे मेकनरच्या भावाने वाहनतळावर जे केले, तेच आता अंगभर खुणा लावलेल्या कलाकारांनी केले. मूळ गेममध्ये राजपुत्राला आवाज देणारा युरी लोवेन्थाल याला पुन्हा बोलावले होते. आणि हे सारे गुपचूप चालले होते.

गुपचूप म्हणजे कसे, हे या धंद्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. मोठ्या स्टुडिओत रुजू होताना पहिल्याच दिवशी गोपनीयतेच्या करारावर सही होते. प्रकल्पाला टोपणनाव दिले जाते आणि बाहेर चहा पितानाही त्याच नावाने बोलायचे असते. चाचणीसाठी दिलेल्या प्रत्येक प्रतीवर पुसटशी खूण असते. तिच्यावरून प्रत कोणाच्या हातातून गेली ते कळते. घरच्यांना एवढेच सांगता येते, की ‘एका गेमवर काम चालू आहे.’ कोणता, ते नाही. दोन-अडीच वर्षे आई-वडिलांनाही न सांगितलेले काम ज्या दिवशी जगासमोर येते, तो दिवस त्या मुलांसाठी घरातल्या कार्यासारखा असतो.

साखळीतला शेवटचा हात

तो दिवस उगवण्याआधीच गुपिताला भेगा पडायला लागल्या होत्या. त्याच वर्षी ग्वाटेमालातल्या एका दुकानाच्या यादीत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया रिमेक’ हे नाव झळकले होते आणि चाहत्यांत कुजबुज सुरू झाली होती. मग १० सप्टेंबरला रशियातले पान आले.

गेम बाजारात आणणे ही फार लांब साखळी असते. स्टुडिओ, प्रकाशन विभाग, जाहिरात संस्था, भाषांतर करणारे, वयोगट ठरवणारी मंडळे, देशोदेशीची दुकाने, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सची ऑनलाइन भांडारे. घोषणा झाल्याबरोबर लोकांना आगाऊ नोंदणी करता यावी म्हणून प्रत्येकाकडे चित्रे आणि मजकूर आधीच पोहोचवलेला असतो. पान तयार ठेवायचे आणि ठरल्या क्षणी ते उघडायचे, एवढेच काम शेवटच्या हाताचे. घड्याळाच्या हिशेबात तास चुकला, तारखेची चौकट चुकली, एखादे बटण आधी दाबले गेले, की दोन वर्षांची गुप्तता दोन सेकंदांत संपते.

युबिसॉफ्टला हा अनुभव नवा नव्हता. २०१३ साली विमानातल्या एका प्रवाशाला शेजारच्या आसनावरच्या माणसाच्या लॅपटॉपवर ‘असॅसिन्स क्रीड’च्या नव्या भागाचे सादरीकरण दिसले. त्याने फोटो काढले आणि चाच्यांच्या जमान्यातला ‘ब्लॅक फ्लॅग’ घोषणेआधीच जगाला कळला. २०१८ साली ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ उघड झाला तो एका किल्लीच्या छल्ल्यामुळे. भेट देण्यासाठी बनवलेल्या त्या छल्ल्यावर गेमचे नाव आणि ग्रीक योद्ध्याचे शिरस्त्राण होते. जुलै २०२० मध्ये ‘फार क्राय ६’ची माहिती हाँगकाँगच्या प्लेस्टेशन दुकानात आधी दिसली. या तिन्ही घटनांत कोणी संगणकाचे कुलूप फोडले नव्हते. विश्वासाने हातात दिलेली गोष्ट जरा निष्काळजीपणे ठेवली गेली, एवढेच.

याच्या उलट टोकाची घटना आपल्या मुंबईतच घडली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या सातव्या पर्वाचा चौथा भाग, ‘द स्पॉइल्स ऑफ वॉर’, प्रक्षेपणाच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर आला. त्याच सुमारास एचबीओ या अमेरिकन वाहिनीच्या संगणकांत हॅकर शिरले होते आणि दीड टेराबाइट माहिती चोरल्याचा त्यांचा दावा होता. साहजिकच हेही त्यांचेच काम, असे पहिल्यांदा अनेकांना वाटले. पण फुटलेल्या भागाच्या चित्रावर ‘स्टार इंडिया’ची खूण होती आणि ‘केवळ अंतर्गत पाहण्यासाठी’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर होता. वाट मुंबईकडे येत होती. स्टारसाठी या मालिकेची साठवण आणि प्रक्रिया सांभाळणाऱ्या ‘प्राइम फोकस टेक्नॉलॉजीज’ने तक्रार दिली, मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने तपास केला आणि महिन्याच्या मध्यावर चौघांना अटक झाल्याचे जाहीर केले. त्यांत कंपनीचे आजी आणि माजी कर्मचारी होते. गुन्हेगारी विश्वासघात आणि संगणकविषयक गुन्ह्यांची कलमे त्यांच्यावर लावली गेली. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६व्या कलमाखाली अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आणि त्याच महिन्यात, त्याच मालिकेचा सहावा भाग एचबीओच्या स्पेनमधल्या आणि उत्तर युरोपातल्या सेवांवर चुकून काही दिवस आधी दिसला. तासाभरात तो काढला गेला, पण तेवढ्या वेळात तो जगभर पोहोचला होता. एकाच महिन्यात एका मालिकेने हॅकरांची चोरी सोसली, आतल्या माणसांवर विश्वासघाताचे आरोप पाहिले आणि भोळी चूकही पाहिली. प्रेक्षकाच्या पडद्यावर मात्र तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. फाइल कशी आली हे पाहणाऱ्याला कळत नाही, आणि बहुतेकांना ते जाणून घ्यावेसेही वाटत नाही.

कच्च्या मूर्तीचा न्याय

रशियातल्या दुकानातून फुटलेली राजपुत्राची चित्रे पाहून पहिल्या तासातच शेरे सुरू झाले. पात्रांचे चेहरे जुनाट दिसतात, दोन पिढ्या आधीच्या प्लेस्टेशनसाठी केल्यासारखे वाटतात, असा सूर लागला. मग कार्यक्रमात अधिकृत ट्रेलर आला. तोवर पाहणाऱ्यांचे मत बनून गेले होते, आणि ट्रेलरनेही ते बदलले नाही. उलट टीका वाढली. हा गेम पूर्ण किमतीचा नव्हता, चाळीस डॉलरचा होता, आणि मूळ गेमची परीकथेसारखी रंगसंगती राखण्याचा प्रयत्न त्यात होता, हे निर्माते सांगत राहिले. ऐकणारे थोडे होते.

इथे न्यायाने बोलायला हवे. पुढे जे झाले ते सारे त्या फुटलेल्या पानामुळे झाले, असे म्हणता येणार नाही. ट्रेलर कमजोरच होता आणि तो कंपनीने स्वतः दाखवला होता. पण पहिली छाप पडण्याची एकच संधी असते, ती त्या दिवशी निर्मात्यांच्या हातून गेली. चित्रे हलत नव्हती, त्यांना संगीत नव्हते, सोबत समजावून सांगणारा कोणी नव्हता. अशा अवस्थेत ती जगापुढे आली आणि त्यांचा निकाल लागला.

आपल्या रायगडातल्या पेणला हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. पेण आणि आसपासच्या हमरापूर, जोहे या गावांतल्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्ती वर्षभर घडतात. साच्यातून निघालेली, वाळायला ठेवलेली मूर्ती पांढरीफटक असते. सोंडेच्या सांध्याला, हाताच्या जोडाला बोटांचे ठसे असतात. मग पॉलिश पेपरने घासणे, अस्तर, रंग, दागिन्यांची सोनेरी रेघ. सगळ्यांत शेवटी जाणत्या कारागिराच्या हातून डोळ्यांची आखणी होते, आणि तेव्हा कुठे त्या मातीत देव दिसू लागतो. आखणीआधीच्या मूर्तीचा फोटो पाहून कोणी ‘यंदा पेणची मूर्ती काही जमली नाही’ म्हणाला, तर कारखानदार त्याला हसेल. गेमचेही तसेच आहे. पोत, प्रकाश, चेहऱ्यावरचे भाव ही कामे बहुतेक वेळा अखेरीला होतात. त्याआधी पडद्यावर राखाडी ठोकळे असतात आणि ठोकळ्यांमध्ये धावणारा एक बिनचेहऱ्याचा बाहुला असतो.

जगाला हे फार उशिरा कळले. १८ सप्टेंबर २०२२ रोजी ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ या गेमचे नव्वद व्हिडिओ फुटले. ती चोरी होती, आणि ती करणारा ऑक्सफर्डचा अल्पवयीन मुलगा होता. आधीच्या एका गुन्ह्यात जामिनावर असताना, पोलिसांनी त्याला ज्या हॉटेलात ठेवले होते, तिथल्या टीव्हीला जोडलेली फायर स्टिक आणि एक मोबाइल एवढ्यावर त्याने हे केले. डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने त्याला बेमुदत काळासाठी सुरक्षित रुग्णालयात ठेवण्याचा आदेश दिला. या चोरीनंतर एका चाहत्याने ‘गेममध्ये दृश्ये सगळ्यांत आधी पूर्ण होतात, त्यामुळे हा गेम असाच दिसणार’ असे ठासून लिहिले. त्यावर देशोदेशीच्या नामवंत गेमकारांनी आपापल्या गाजलेल्या गेमची कच्ची रूपे स्वतःहून प्रसिद्ध केली. ‘कंट्रोल’सारख्या पारितोषिकप्राप्त गेममधले साधे ठोकळे, ‘अनचार्टेड ४’मधल्या गाड्यांच्या पाठलागाची राखाडी सुरुवात लोकांना पहिल्यांदा दिसली. ज्यांच्या कामाची चोरी झाली त्यांच्या पाठीशी सारा धंदा उभा राहिला.

पुण्या-मुंबईच्या मुलांच्या वाट्याला २०२० साली असा पाठिंबा आला नाही. त्यांना ऐकावे लागले ते ‘भारतात दिलेले काम असेच व्हायचे’ या धर्तीचे बोलणे. त्या वेळच्या चर्चेत हा हिणकस सूर होता आणि तो आजही सलतो.

पाच वर्षांचा वनवास

गेम २१ जानेवारी २०२१ रोजी येणार होता. डिसेंबरमध्ये तारीख १८ मार्चवर गेली. फेब्रुवारीत ती बेमुदत पुढे ढकलली गेली. मे २०२२ मध्ये कंपनीने जाहीर केले, की यापुढे हे काम मॉन्ट्रियलचा स्टुडिओ करेल, म्हणजे जिथे २००३चा गेम जन्मला तिथेच ते परत गेले. पुणे आणि मुंबईच्या चमूने केलेल्या कामाचा गौरव करणारे दोन शब्द त्या निवेदनात होते. पण ज्यांनी टाळेबंदीच्या काळात घराच्या एका कोपऱ्यात बसून राजमहालाच्या भिंती उभारल्या होत्या, त्यांच्या हातून त्यांचा राजपुत्र गेला होता.

जून २०२४ मध्ये मॉन्ट्रियलने जळत्या मेणबत्तीची एक छोटी झलक दाखवून ‘२०२६’ एवढेच सांगितले. आणि २१ जानेवारी २०२६ रोजी, म्हणजे मूळ ठरलेल्या तारखेनंतर बरोबर पाच वर्षांनी, युबिसॉफ्टने मोठ्या फेररचनेची घोषणा करताना सहा गेम रद्द केले. त्यात ‘द सँड्स ऑफ टाइम’ची ही नवी आवृत्ती होती. काळ मागे फिरवणारा खंजीर ज्या गोष्टीत आहे, त्या गोष्टीचे हे नवे रूप कधी प्रकाशात आलेच नाही. पुण्यात केलेल्या कामाचे लोकांपुढे उरले ते एका ट्रेलरचे फुटेज आणि ती वेळेआधी फुटलेली चित्रे.

दाखवण्याचा हक्क

त्याच काळात पुण्यातच दुसरी वाटही तयार होत होती. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम घडवला. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीसाठी हात पसरले, तेव्हा गेमचा एक अपुरा तुकडा स्वतःहून लोकांना खेळायला दिला होता. वर्गणीचे लक्ष्य गाठले गेले नाही, पण त्या तुकड्याने ओळख मिळवून दिली. ‘राजी’ १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेंडो स्विचवर आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याला नामांकन मिळाले. पुढे पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’ने ‘इंडस’ हा ऑनलाइन बॅटल रॉयल गेम घडवताना वेळोवेळी काम कुठवर आले ते जाहीर केले, खेळाडूंना बोलावून चाचण्या घेतल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये गेम बाजारात आणला. ‘हे अपुरे आहे, असे समजूनच पाहा’ म्हणून कच्चे काम दाखवले, तर लोक समजून घेतात. त्या कामात चुका असतात, पण लाज नसते.

ऑनलाइन गेमच्या बाबतीत तर सीमारेषा फारच पुसट झाली आहे. २०२४ साली व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने ‘डेडलॉक’ हा गेम कोणतीही घोषणा न करता मित्रांच्या निमंत्रणांतून हजारो लोकांना खेळायला दिला होता. सुरुवातीला पडद्यावर एवढीच विनंती यायची, की याबद्दल कोणाशी बोलू नका. एका पत्रकाराने आपण कसलाही करार केलेला नाही म्हणून त्यावर लिहिले, आणि त्याला गेममधून बाहेर काढले गेले. काही दिवसांतच कंपनीने गुप्तता सोडून गेमचे पान अधिकृतपणे उघडले. हजारो माणसांच्या हाती दिलेली गोष्ट गुप्त राहील ही अपेक्षाच धरता येत नाही, आणि प्रत्येकाला गुन्हेगार ठरवूनही चालत नाही.

या सगळ्या हकिकतीतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. अपुरे काम पहिल्यांदा कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत दाखवायचे, हा हक्क ते घडवणाऱ्याचा आहे. तो हक्क चोराने हिरावला काय किंवा साखळीतल्या कोणाच्या बेफिकिरीने गेला काय, घडवणाऱ्याचे नुकसान सारखेच होते. चूक करणाऱ्याला चोराची शिक्षा देऊ नये हे खरे, पण चूक म्हणून ती हलकीही धरू नये. कंपनीचा तोटा ताळेबंदात मांडता येतो. पुण्यातल्या एखाद्या तरुण अ‍ॅनिमेटरने घरच्यांना दाखवायला राखून ठेवलेला क्षण कुठल्याच खात्यात भरून मिळत नाही.

पेणहून, रोह्याहून, अलिबाग-महाडहून आज मुले अ‍ॅनिमेशन आणि गेम डिझाइन शिकायला मुंबई-पुण्याची वाट धरतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: सही करताना करार नीट वाचा, स्क्रीनचा फोटो जिवलग मित्रालाही पाठवू नका, आणि आपल्या हातून काही चुकून बाहेर गेले, तर लपवत बसू नका, त्याच मिनिटाला वरिष्ठांना कळवा, कारण पहिल्या तासात बरेच सावरता येते. आणि तुम्हा-आम्हा पाहणाऱ्यांना हे, की फुटलेले फुटेज मोबाइलवर आले, तर ते पुढे ढकलण्याआधी थोडे थांबा. ते कोणाचे तरी अपुरे काम आहे. ते पुरे करून आपल्यासमोर मांडण्याची संधी त्यांना मिळू द्या, आणि मग हवा तेवढा कठोर निकाल द्या.